उच्च जोखमीच्या स्त्रियांमधील स्तनप्रतिमा तपासणी

ज्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा बरीच अधिक असते, त्यांच्या स्तनांची मॅमोग्राफी, सोनोग्राफी अथवा एमआरआय या साधनांनी ठरावीक काळाने केलेली पाहणी म्हणजे उच्च जोखमीच्या स्त्रियांमधील स्तनप्रतिमा तपासणी होय. हाताला न लागणारी गाठ लवकर सापडावी, हा तिचा एक हेतू असतो. स्तनाच्या रचनेवरून पुढील काळातील जोखमीचा अंदाज बांधता यावा, हा दुसरा. हे दोन्ही हेतू पुष्कळदा एकच मानले जातात, परंतु ते भिन्न आहेत.

जोखीम कोणाची

आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी कोणाला कमी वयात स्तनाचा कर्करोग झालेला असणे, घराण्यात बीजकोशाचा कर्करोग असणे, तरुणपणी छातीवर किरणोपचार झालेले असणे या गोष्टींनी जोखीम वाढते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचा संबंध अनुक्रमे १९९४ व १९९५ मध्ये स्पष्ट झाला. त्यांतील सदोष जनुक असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा रोग होतो, असे मोठ्या पाहणीत आढळले आहे.

हे जनुक आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते. अपत्यात उतरण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी निम्मी असते. तरीही कुटुंबाची माहिती घेताना आईच्या बाजूचीच विचारपूस अधिक होते. आत्या किंवा वडिलांची आई यांचे दुखणे सांगायचे राहून जाते. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव व गाव बदलत असल्याने एकाच घराण्यातील दोन रुग्ण वेगवेगळ्या कुटुंबांतील वाटू शकतात.

स्तनघनता

मॅमोग्राफीच्या क्ष-किरणचित्रात चरबी काळसर दिसते. ग्रंथी व तंतुमय ऊती पांढऱ्या दिसतात. पांढऱ्या भागाचे प्रमाण म्हणजे स्तनघनता. तिची चार श्रेणींत नोंद केली जाते. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये या चित्रांतील रचनेचा जोखमीशी संबंध दाखवला. पुढील अभ्यासांत अतिघन स्तनांच्या स्त्रियांची जोखीम जवळजवळ पूर्ण चरबीयुक्त स्तनांच्या स्त्रियांच्या चार ते सहा पट आढळली. घनता हाताने चाचपून कळत नाही. कडक लागणारा स्तन घन असतोच असे नाही.

घनतेमुळे आणखी एक अडचण उभी राहते. गाठही पांढरीच दिसत असल्याने ती त्या पांढरेपणात लपते. म्हणजे जिला तपासणीची गरज अधिक, तिच्याच बाबतीत मॅमोग्राफी दुबळी ठरते. तरुण स्त्रियांचे स्तन सामान्यतः अधिक घन असतात, आणि वंशागत कर्करोग बहुधा तरुण वयातच होतो.

साधने आणि मर्यादा

नेदरलँड्समध्ये वंशागत जोखीम असलेल्या १,९०९ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पसरू शकणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे एक-तृतीयांश मॅमोग्राफीने ओळखले, तर सुमारे चार-पंचमांश एमआरआयने. मात्र एमआरआयने निरोगी स्त्रियांनाही अधिक वेळा संशयित ठरवले. अशा स्त्रीला पुन्हा चित्रण, प्रसंगी बायोप्सी आणि निकाल येईपर्यंतची घालमेल सोसावी लागते. त्याच देशात २०१९ मध्ये आलेल्या एका चाचणीत अतिघन स्तनांच्या, मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या स्त्रियांना एमआरआयसाठी बोलावण्यात आले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण या गटात दर हजारी २.५, तर न बोलावलेल्या गटात ५ होते.

जनुकदोष असलेल्या स्त्रियांसाठी साधारण २५व्या वर्षापासून वार्षिक एमआरआय आणि ३०व्या वर्षापासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, असा क्रम अनेक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आढळतो. तिशीपूर्वी मॅमोग्राफी टाळली जाते, कारण या स्त्रियांच्या पेशी किरणोत्सर्गास अधिक संवेदनशील असू शकतात. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो व ती स्वस्त असते. परंतु तिचे यश करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

धाराशिव जिल्हा

कर्करोगाच्या ग्रामीण अभ्यासात या जिल्ह्याचे स्थान महत्त्वाचे आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या भारतातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यासह परंडा व भूम हे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुके समाविष्ट होते. रुग्ण रुग्णालयात येईपर्यंत न थांबता कर्मचारी गावोगाव जात आणि लक्षणांची माहिती देत. त्या गाठीभेटींमुळेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान आधीच्या अवस्थेत होऊ लागले. पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात त्याच रोगाच्या चाचण्यांचा अभ्यास सुरू झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही चाचणीच्या एका फेरीने मृत्यू सुमारे निम्म्याने घटले.

स्तनांबाबतचा मोठा अभ्यास मुंबईत झाला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या या अभ्यासात १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. यंत्राऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या हातांनी दर दोन वर्षांनी तपासणी झाली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढील स्त्रियांमधील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. वंशागत जोखमीच्या स्त्रियांची अडचण नेमकी या वयातली आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांची स्तनतपासणी हातानेच होते. आशा स्वयंसेविका घरोघरी भरतात त्या पत्रकात स्तनातील गाठ, बोंडातून रक्तमिश्रित स्राव आणि आकारातील बदल यांविषयी प्रश्न आहेत. कौटुंबिक इतिहासाचा प्रश्न मात्र उच्च रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांच्यापुरता आहे. परंड्यातील एखाद्या तिशीच्या स्त्रीची आई आणि आत्या याच रोगाने गेल्या असतील, तर ती गोष्ट पत्रकात उतरत नाही. तिने आपणहून सांगितली अथवा तपासणाऱ्या परिचारिकेने विचारली, तरच तिला जनुकीय समुपदेशन व एमआरआयसाठी पुढे पाठवता येते.