कोणते काडतूस कशासाठी?

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. त्यामुळे काडतूस ही वस्तू इथल्या मुलांना ऐकून तरी माहीत असते. सेलू तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही गतिज ऊर्जेविषयी बोलत असताना एका मुलाने विचारले, "सर, रानडुकरासाठी कोणते काडतूस लागेल?" त्याच्या घरची माणसे तुरीच्या शेतात रात्रभर जागलीला जातात. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

सोयीसाठी पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बनवलेली आणि २०१४ साली प्रदर्शनात मांडलेली बहुकॅलिबर रायफल घेऊ. नळी, बोल्ट आणि मॅगझिन बदलले की तीच रायफल ५.५६×४५, ६.८×४३ किंवा ७.६२×३९ काडतूस झाडू शकते. यातला पहिला आकडा ढोबळमानाने गोळीचा व्यास, दुसरा कवचाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नळी बदलावी लागते हे उघड आहे. पण बोल्ट का? कारण कवचाच्या बुडाचा व्यास तिन्हींत वेगळा, अनुक्रमे सुमारे ९.६, १०.७ आणि ११.३ मिमी, आणि बोल्टला ते बूड पकडून रिकामे कवच बाहेर ओढायचे असते. हे काम अशा रायफलीत गोळीमागच्या तप्त वायूचाच थोडा भाग करतो.

आता फळ्यावरचे गणित. (वेग नळीच्या लांबीनुसार थोडे बदलतात.) ५.५६ ची गोळी ४ ग्रॅमची, वेग सेकंदाला ९०० मीटर. ऊर्जा १,६२० ज्यूल. ७.६२×३९ ची ८ ग्रॅम आणि ७२० मीटर. सुमारे २,०७० ज्यूल. ६.८ ची साडेसात ग्रॅम आणि ७८० मीटर. सुमारे २,२८० ज्यूल. गंमत अशी की शेवटच्या दोघींचा संवेग जवळजवळ सारखा आहे. म्हणजे ४ किलोच्या रायफलीचा खांद्याला बसणारा धक्काही जवळपास तितकाच, पण ऊर्जा ६.८ मध्ये जास्त. कागदावर तरी डुकरासाठी तेच बरे. त्याचे मूळही शिकारीतच आहे: त्याचे कवच १९०६ च्या .३० रेमिंग्टन या शिकारी काडतुसावरून घेतले आहे.

परंतु ज्यूल मोजून भागत नाही. सैनिकी गोळी पूर्ण धातूच्या आवरणाची असते. युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा हेग येथे १८९९ साली झाला. त्या गोळ्यांना नाव मिळाले ते कलकत्त्याजवळच्या डमडमवरून! शिकारीत नेमके उलटे. मऊ टोकाची गोळी अंगात पसरते, ऊर्जा तिथेच देते आणि जनावर लवकर मरते. आवरणाची गोळी आरपार जाऊ शकते. मग जखमी डुक्कर तुरीत शिरते आणि सकाळी कापणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येते.

आपल्याकडे ही निवड बरीचशी कायद्यानेच केलेली आहे. ७.६२ सारखी सैनिकी बोअर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहेत. परवानाधारकाकडे असते ती १२ बोअरची बंदूक, फार तर.३१५ रायफल. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो.

त्या मुलाला आम्ही शेवटी काडतूस सांगितलेच नाही, एक त्रिकोण काढून दिला. डुक्कर २० मीटरवर आहे, पाठ ०.८ मीटर उंच, आणि नेम चुकून गोळी पाठीला चाटून गेली. उभ्या माणसाने १.४ मीटर उंचीवरून झाडली असेल तर ती आणखी २७ मीटरवर जमिनीला टेकते, दोन अंशांहूनही कमी कोनात. टणक जमिनीवरून ती उसळून पुढच्या वस्तीपर्यंतही जाईल. मचाणावरून, ४ मीटर उंचीवरून झाडली तर ५ मीटरवरच, सुमारे नऊ अंशांत मातीत शिरते. "मग आमचं मचाण अजून उंच करावं लागेल," तो म्हणाला आणि वहीत ६ मीटरचा त्रिकोण काढू लागला.