उसाच्या आगगाडीचे घड्याळ

तोडलेल्या उसातही बदल चालूच असतात. विकरे व जिवाणू त्यातील सुक्रोजचे विघटन करतात आणि साखरेचा उतारा घटतो. म्हणून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये तोडणीपासून साधारण १६ तासांच्या आत ऊस गाळण्याचा प्रयत्न असतो. त्यासाठी तेथे अवघ्या ६१० मिलिमीटर रुंदीच्या लोहमार्गांचे सुमारे ४,००० किलोमीटरांचे जाळे आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फारसे दबत नाही. त्यामुळे रबरी चाकापेक्षा त्याला रोध बराच कमी होतो व लहान इंजिनही लांबलचक गाडी ओढते.

मग गाडीचा वेग वाढवला की झाले? हिशेब करून पाहा. ताशी ३० किलोमीटर वेगाने ३० किलोमीटरांना एक तास लागतो. वेग दुप्पट केला, तरी वाचतो अर्धाच तास! उसाचा बराचसा वेळ जातो तो शेताजवळ आणि कारखान्याच्या आवारात वाट पाहण्यात. गाड्या लवकर आल्या, तर भरलेले डबे तिष्ठतात. उशिरा आल्या, तर चरक थांबतो. रिकामे डबे परतले नाहीत, तर तोडणीच अडते. तेव्हा तोडणी, गाड्या व चरक यांचा मेळ घालण्यातच खरी बचत आहे.

आपल्याकडे कारखान्यासमोर बैलगाड्या-ट्रॅक्टरांची रांग दिसली, तर हे आठवा. तेथे तासागणिक थोडी साखर नाहीशी होत असते.