रोव्हर्स चषक आणि कुलूपबंद चेंडू

खेळ म्हणजे उनाडकी, असें मानून आम्हीं वेळापुरीं शिक्षक असतांना एका विद्यार्थ्याचा चेंडू कपाटांत कुलूपबंद केला होता. मुंबईच्या रोव्हर्स फुटबॉल चषकाचा इतिहास वाचला आणि आमची चूक उमगली. १८९१ सालीं सुरू झालेला हा चषक दीर्घकाल गोऱ्या पलटणींकडेच राहिला. १९२३ सालीं मोहन बागान संघ अंतिम सामन्यांत हरला. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम संघानें मात्र तो जिंकून प्रथमच एतद्देशीयांच्या हातीं आणला. पुढें १९५० पासून लागोपाठ पांच वर्षें हैदराबाद पोलिसांनीं तो राखला. २०००-०१ नंतर स्पर्धा बंद पडली. परंतु हार पचवून पुन्हां मैदानांत उतरणें ही विद्या आमच्या फळ्यावर शिकवितां आली नसती. सुज्ञ पालकांनीं तरी मुलांचा चेंडू कुलुपांत ठेवूं नये.