नाजूक पायांसाठी पायमोजे : केवळ ‘सुती’ असणे पुरेसे नाही

झाशीत मे २०२४ च्या अखेरीस तापमान ४९ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले होते. हिवाळ्यात याच शहरात कडाक्याची थंडी पडते. मोठे रेल्वे जंक्शन, वॅगन दुरुस्ती कारखाना आणि लष्करी छावणी असलेल्या या शहरात अनेकांचा दिवस बंद बुटांतच जातो. पायांना खाज, पुरळ किंवा फोड यांचा त्रास असणाऱ्यांसाठी अशा हवेत पायमोज्यांची निवड हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

सुती मोजे वापरावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. कापूस घाम चटकन शोषतो, मात्र शोषलेला ओलावा लवकर सोडत नाही. ओल्या कापडाखाली त्वचा मऊ पडते, घर्षण वाढते आणि फोड येतात. बुरशीलाही असाच दमटपणा मानवतो. त्यामुळे ज्यांच्या पायांना अधिक घाम येतो, त्यांनी दुसरा जोड जवळ बाळगून तो दुपारी बदलणे इष्ट ठरते.

लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प सामावूनही ओली भासत नाही. ती टोचते, ही तक्रार खरी असली तरी दोष तंतूच्या जाडीचा असतो. सुमारे ३० मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या ३० हजारांशांहून, जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे अंगाला लागते ते यामुळेच. मेरिनो मेंढीची लोकर त्याहून बरीच बारीक असते.

खरेदी करताना वेष्टनावरील घटकांचे प्रमाण वाचावे. झाशी जिल्ह्यातील रानीपूर टेरिकॉट कापडासाठी ओळखले जाते. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांचे मिश्रण. पायमोज्यांतही टाच व चवड्याच्या मजबुतीसाठी नायलॉन आणि काठासाठी लवचिक धागा बहुधा असतोच. तो थोडा असावाही, कारण घसरलेल्या मोज्याची चुणी स्वतःच फोड आणते. ‘बांबूचे मोजे’ हे नाव मात्र फसवे आहे. बहुतेक वेळा तो बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला व्हिस्कोज धागा असतो. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ मध्ये अशा जाहिरातींबद्दल काही कंपन्यांवर कारवाई केली होती. शंका असल्यास सुटा धागा सांभाळून जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा आणि लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

पुरळ केवळ काठाखाली उठत असेल, तर रबराची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मधुमेहींचा प्रश्न याहून गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू हरपते. टोचलेला खडा किंवा फुटलेला फोड त्यांना जाणवत नाही. जखम चिघळली की बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. म्हणून त्यांनी पांढरे किंवा फिकट रंगाचे, आतून शिवण न टोचणारे आणि पोटरीवर वळ न उमटवणारे मोजे घालावेत. फिकट कापडावर रक्ताचा वा पुवाचा डाग लगेच दिसतो. मोजे उतरवल्यावर ते आणि तळवे दोन्ही रोज पाहावेत. रफू केलेले मोजे त्यांनी वापरू नयेत. काटकसर म्हणून घरोघरी रफू होत असले, तरी त्याची गाठ येथे घातक ठरते.

मोजे उलटे करून धुवावेत, म्हणजे घाम आणि मृत त्वचा निघून जाते. बुरशीचा संसर्ग असल्यास सुती मोजे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. कापड मऊ करणारी द्रव्ये टाळावीत, कारण त्यांच्या थरामुळे शोषणक्षमता घटते. लोकरीसाठी थंड पाणी आणि रिठ्यासारखे सौम्य साधन योग्य. क्लोरीनयुक्त ब्लीचने लोकरीचा तंतूच नष्ट होतो. लोकरी मोजे न पिळता, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत आडवे वाळवावेत. बुंदेलखंडातील उन्हात सुती मोजे तासाभरात वाळतात, परंतु काठाचे इलास्टिक त्याच उन्हाने लवकर सैल पडते.