नोकरीचा अर्ज आणि आडनाव : डॉ. सुखदेव थोरात यांचा अभ्यास



आपल्या निमगाव सावा परिसरातली मुलं शिक्षण झालं की चाकण, भोसरी, रांजणगावच्या कंपन्यांत अर्ज टाकतात. काहींना मुलाखतीचं बोलावणं येतं, काहींना येत नाही. न आलेला म्हणतो, "आपलेच मार्क कमी पडले." पण कारण खरंच मार्क असतात का? हे तपासणाऱ्या एका मराठी अभ्यासकाची आज ओळख करून घेऊ.

डॉ. सुखदेव थोरात यांचा जन्म १९४९ साली अमरावती जिल्ह्यात झाला. ते अर्थशास्त्रज्ञ, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी अध्यापन केलं. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जातीमुळे रोजगारात होणारा भेदभाव हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय.

हा प्रश्न जुनाच आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त असायचा. पण तिथं धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याविरुद्ध आवाज उठवला होता.

गिरणीतला भेदभाव डोळ्यांना दिसत होता. आजच्या कंपनीत मात्र "आम्ही जात बघतो" असं कुणी सांगत नाही. मग पुरावा कसा मिळवायचा?

थोरात आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी सोपी युक्ती केली. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती घेतल्या. प्रत्येक जाहिरातीला सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक ठेवला फक्त नावाचा : एक उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम वाटेल असं. ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज गेले. बाकी सगळं सारखं असेल, तर उत्तरातला फरक नावामुळेच पडला, हे उघड आहे ना?

निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांशच होती. म्हणजे उमेदवाराचं तोंडही न बघता दार बंद!

आता राज्यघटना आठवा. कलम १६ सरकारी नोकरीत समान संधीची हमी देतं. खासगी कंपनी मात्र त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा. नुसती तक्रार "तुझा गैरसमज आहे" म्हणून उडवता येते. मोजलेला फरक तसा उडवता येत नाही.

तेव्हा मित्रांनो, बोलावणं आलं नाही की लगेच स्वतःला कमी समजू नका. आणि उद्या तुम्हीच साहेबाच्या खुर्चीत बसलात, तर अर्जावर आधी काय वाचाल, शिक्षण की आडनाव? विचार करा आणि वहीत पाच ओळी लिहा.