परसातील वाफा

परसात चार हात जागा असली तरी पालेभाजीचा वाफा होतो. माती भुसभुशीत करून तीत कुजलेले शेणखत मिसळावे. पुढचे काम मात्र बी पाहून करावयाचे असते.

माठाचे बी खसखशीएवढे बारीक. ते कोरड्या वाळूत मिसळून फोकावे, म्हणजे एके ठिकाणी दाट पडत नाही. वर मातीचा पातळ थर पुरे. खोल गाडल्यास त्या इवल्या दाण्यातील अन्न अंकुर वर येण्यापूर्वीच संपते. मेथीचा दाणा मोठा. तो जरा खोलही चालतो व ३-४ दिवसांत उगवतो.

कोथिंबिरीची तऱ्हा निराळी. धणा हे वस्तुतः फळ असून त्याच्या पोटात दोन बिया असतात. म्हणून पेरण्यापूर्वी धणे हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करतात. तरीही उगवण्यास ८ ते १२ दिवस लागतात. शेजारची मेथी हिरवीगार झालेली पाहून उतावीळ मुले माती उकरतात आणि नुकताच फुटलेला मोड आपल्याच हाताने मोडतात!

पाणी झारीने शिंपावे. तांब्याची धार धरल्यास बी वाहून कोपऱ्यात गोळा होते. माठ दाट उगवलाच, तर मधली रोपे उपटावी. पहिली भाजी त्यांचीच होते.