घरगुती बहुकार्यी इंकजेट प्रिंटर

बहुकार्यी इंकजेट प्रिंटर हे छपाई, स्कॅनिंग आणि प्रत काढणे ही तीन कामे एकाच साच्यात करणारे यंत्र आहे. द्रवरूप शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर सोडून ते अक्षरे व चित्रे उमटवते. बाजारात त्यास ‘ऑल-इन-वन प्रिंटर’ असेही म्हणतात. कमी किमतीच्या यंत्राचे मूल्यमापन करताना विक्रीची किंमत हा एकच आकडा पुरेसा ठरत नाही. एका पानामागे येणारा खर्च, दरमहा छापल्या जाणाऱ्या पानांची संख्या आणि यंत्र किती दिवस न वापरता पडून राहते, या तीन बाबींवर त्याची खरी उपयुक्तता ठरते.

संज्ञा

मराठीत छायाप्रतीला सर्रास ‘झेरॉक्स’ म्हटले जाते. हे मूळचे एका अमेरिकी कंपनीचे नाव आहे. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये यशस्वी केलेल्या त्या पद्धतीत स्थिर विद्युतभार आणि कोरडी भुकटी वापरली जाते. लेसर प्रिंटरही याच तत्त्वावर चालतो. इंकजेट यंत्र मात्र मूळ कागद आधी स्कॅन करते आणि नंतर ती प्रतिमा ओल्या शाईने छापते. त्यामुळे दुकानातील झेरॉक्स आणि घरातील इंकजेट प्रत यांचा टिकाऊपणा, वेग व खर्च सारखा नसतो.

इतिहास

शाईच्या धारेने नोंद करणाऱ्या उपकरणाचे पेटंट स्वीडनमधील रून एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये मिळाले. १९७७ मध्ये कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली डाखणी शाई भरलेल्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. या निरीक्षणातून उष्णतेवर चालणारी इंकजेट पद्धत विकसित झाली. हिवलेट-पॅकार्डनेही स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधले आणि १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ हा प्रिंटर बाजारात आणला. त्याच्या मुद्रणशीर्षाला १२ छिद्रे होती. छपाई, प्रत आणि फॅक्स एकत्र करणारा ‘ऑफिसजेट’ १९९४ मध्ये आला. २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात शाईच्या टाकीचे प्रिंटर विक्रीस आणले. पुढे इतर प्रमुख कंपन्यांनीही ही रचना स्वीकारली.

कार्यपद्धती

मुद्रणशीर्षावर केसापेक्षाही बारीक छिद्रांच्या ओळी असतात. शीर्ष कागदाच्या रुंदीवर डावीउजवीकडे सरकते आणि प्रत्येक फेरीनंतर कागद थोडा पुढे जातो. थेंब बाहेर टाकण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत.

* औष्णिक पद्धत : छिद्रामागील सूक्ष्म तापक काही मायक्रोसेकंदांत शाईचा बुडबुडा निर्माण करतो व त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. कॅनन व एचपी यांच्या घरगुती यंत्रांत ही पद्धत असते.
* दाबविद्युत पद्धत : विद्युतदाब मिळताच विशिष्ट स्फटिकद्रव्य वाकते आणि शाई ढकलते. एप्सन व ब्रदर ही पद्धत वापरतात.

निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळा आणि काळा या चार शायांच्या मिश्रणातून सर्व रंग साधले जातात.

शाईपुरवठ्याचे प्रकार

कार्ट्रिजच्या यंत्राची किंमत कमी असते, पण शाई महाग पडते. लहान मूळ काळ्या कार्ट्रिजमधून साधारण १०० ते २०० पाने निघतात. अनेक स्वस्त यंत्रांत तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. त्यांपैकी एक रंग संपला की उरलेल्या दोन रंगांसह ती बदलावी लागते. मात्र अशा बहुतेक कार्ट्रिजमध्ये मुद्रणशीर्षही समाविष्ट असते. त्यामुळे छिद्रे कायमची बुजली तरी नवी कार्ट्रिज बसवून यंत्र पूर्ववत चालते.

टाकीचे यंत्र महाग असते, परंतु शाईच्या एका बाटलीत काही हजार पाने निघतात. येथे मुद्रणशीर्ष अनेकदा यंत्राचाच भाग असते. ते निकामी झाल्यास दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो.

भरून घेतलेल्या (रिफिल) किंवा अन्य कंपनीच्या कार्ट्रिज स्वस्त पडतात, पण त्या प्रत्येक यंत्रात चालतीलच असे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी अन्य कंपन्यांच्या कार्ट्रिज अचानक नाकारल्या व त्यावरून जगभर टीका झाली. कार्ट्रिजवरील चिपच्या साहाय्याने हे नियंत्रण ठेवले जाते.

खर्चाचे मूल्यमापन

एकूण खर्च म्हणजे यंत्राची किंमत अधिक छापलेली पाने गुणिले प्रतिपान खर्च. शाईतून किती पाने निघतात याची मोजणी ‘आयएसओ/आयईसी २४७११’ या मानकानुसार ठरावीक नमुना पाने सलग छापून केली जाते. घरी छपाई अधूनमधून होते आणि शीर्षाच्या स्वच्छतेतही शाई खर्च होते. म्हणून प्रत्यक्षात निघणारी पाने बहुधा जाहीर आकड्यापेक्षा कमी भरतात.

गणिताची रीत समजण्यासाठी पुढील आकडे गृहीत धरले आहेत. कार्ट्रिजचे यंत्र ४,००० रुपये व शाई प्रतिपान ५ रुपये. टाकीचे यंत्र १२,००० रुपये व शाई प्रतिपान ३० पैसे. कागद प्रतिपान ६० पैसे. दुकानातील काळी प्रिंट कागदासह ५ रुपये. तीन वर्षांचा खर्च रुपयांत असा येतो :

| दरमहा पाने | कार्ट्रिज | टाकी | दुकान |
|---|---|---|---|
| १० | ६,०१६ | १२,३२४ | १,८०० |
| १०० | २४,१६० | १५,२४० | १८,००० |
| ३०० | ६४,४८० | २१,७२० | ५४,००० |

या गृहीतकांनुसार दरमहा सुमारे ८१ पानांपेक्षा कमी छपाई असेल तर दुकानच स्वस्त पडते आणि त्याहून अधिक असेल तर टाकीचे यंत्र. विकत घेताना सर्वांत स्वस्त दिसणारे कार्ट्रिजचे यंत्र तिन्ही ओळींत कोठेही सर्वांत स्वस्त ठरत नाही. वेळेची सोय, रात्रीची निकड किंवा घरातील स्कॅनर यांचे मोल वेगळे असल्यासच त्याची निवड समर्थनीय ठरते. आपल्या गावातील प्रत्यक्ष दर या गणितात घातल्यास उत्तर बदलू शकते.

गुणवत्तेचे मूल्यमापन

* देवनागरी मजकूर : खरेदीपूर्वी ८, १० व १२ बिंदू आकारातील मराठी मजकूर छापून पाहावा. छिद्र बुजल्यास शीर्षाच्या दिशेने, म्हणजे आडवी, पांढरी रेघ पडते. ती नेमकी शिरोरेषेवर आली तर ओळीची शिरोरेषाच नाहीशी होते. शीर्षाची जुळणी बिघडल्यास काना व दंड या उभ्या रेषा तुटक, नागमोडी दिसतात. रफार, अनुस्वार आणि उकार स्पष्ट वाचता येतात का, हेही तपासावे.
* शाईचा प्रकार : विरघळलेल्या रंगाची (डाय) शाई चकचकीत छायाचित्रे देते, पण पाणी लागताच फुटते. रंगकणांची (पिगमेंट) शाई साध्या कागदावर ठसठशीत उमटते व पाण्यात अधिक टिकते. दाखले व अर्ज छापणाऱ्यांनी किमान काळी शाई रंगकणांची आहे का, हे पाहणे हिताचे असते.
* वेग : खोक्यावरील मोठा आकडा बहुधा कच्च्या (ड्राफ्ट) प्रतीचा असतो. ‘आयएसओ/आयईसी २४७३४’ नुसार दिलेला ‘प्रतिमिनिट प्रतिमा’ हा आकडा तुलनेस अधिक विश्वसनीय असतो.
* स्कॅनर : कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरेसे असते. या घनतेला ए-४ पानाची प्रतिमा २४८० × ३५०८ बिंदूंची होते. स्वस्त यंत्रांतील स्कॅनर काचेला चिकटलेला भागच स्पष्ट टिपतो. त्यामुळे जाड पुस्तकाच्या बांधणीजवळचा मजकूर पुसट येतो.

मराठवाड्यातील वापर

लातूर जिल्ह्यातील रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी घरगुती छपाईची गरज मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिली अधूनमधूनची : डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, पीकविम्याची पावती, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र. दुसरी सातत्याची : ‘लातूर पॅटर्न’ने प्रसिद्ध झालेल्या या जिल्ह्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी सराव प्रश्नसंच मोठ्या संख्येने छापून घेतात. पहिल्या गरजेसाठी गावातील आपले सरकार सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचे दुकान सहसा पुरते. दुसऱ्या गरजेसाठी टाकीचे यंत्र किंवा केवळ काळी छपाई करणारा लेसर प्रिंटर विचारात घ्यावा लागतो.

येथील हवामान इंकजेटची परीक्षा पाहणारे आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. बहुतेक उत्पादक यंत्राच्या वापरासाठी ३५ ते ४० अंशांची कमाल मर्यादा देतात. कोरड्या उष्णतेत छिद्रांतील शाई लवकर सुकते. महिनाभर बंद असलेले यंत्र नेमके प्रवेशपत्र छापण्याच्या दिवशी कोरे पान देते, ते यामुळेच. आठवड्यातून एकदा चारही रंगांचे एक पान छापल्यास हा धोका बराच कमी होतो.

विजेच्या खंडित पुरवठ्याचाही परिणाम होतो. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने ते बंद केले तर शीर्ष आपल्या जागी जाऊन त्यावर रबरी झाकण बसते. छपाई चालू असताना वीज गेली किंवा भिंतीवरील बटण बंद केले, तर शीर्ष उघडे राहून सुकते. वीज परत येताच यंत्र चालू करून बटणाने रीतसर बंद करणे हा त्यावरील उपाय आहे. इंकजेटला छपाईच्या वेळी साधारण १० ते २० वॅट वीज लागते, तर लेसर प्रिंटरचा तापक काहीशे वॅट ओढतो. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर इंकजेट सहज चालतो.

देखभाल व हमी

शीर्ष स्वच्छ करण्याची आज्ञा वारंवार दिल्यास शाई वाया जाते व ती यंत्राच्या तळातील शोषक गादीत साठते. गादी भरल्याची नोंद होताच यंत्र छपाई थांबवते. काही नमुन्यांत ही गादी ग्राहकाला स्वतः बदलता येते, काहींत सेवा केंद्र गाठावे लागते. हमी बहुधा एक वर्ष किंवा ठरावीक पाने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक असल्याची खात्री करणेही आवश्यक असते.

विल्हेवाट

भारताच्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत प्रिंटर व त्यांच्या कार्ट्रिज यांचा समावेश आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. निकामी यंत्र व रिकाम्या कार्ट्रिज घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे देणे अपेक्षित असते.